रंगद्रव्यांचे अपस्करण : बहुवारिकांचे कार्य व मर्यादा

जुन्या पोथ्यांची शाई काजळ व डिंक पाण्यात दीर्घकाळ घोटून तयार करीत असत. काजळ पाण्यात विरघळत नाही. नुसत्या पाण्यात त्याचे कण लवकरच एकत्र गोळा होतात. डिंकाचे लांब रेणू या कणांस वेढून राहतात व त्यांना परस्परांस चिकटू देत नाहीत. आजच्या रंगोद्योगातील बहुवारिक अपस्कारक मूलतः हेच कार्य करतात. फरक इतकाच की, तेथे पाण्याच्या जागी टर्पेंटाइन, टोल्युईन वा अल्कोहॉल यांसारखा कार्बनी विद्रावक असतो. या फरकामुळे प्रश्नाचे स्वरूप कसे पालटते, आणि अपस्कारकाकडून कोणती अपेक्षा बाळगू नये, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पांढऱ्या रंगातील टिटॅनियम डाय-ऑक्साइडच्या कणाचा व्यास साधारणतः 0.25 मायक्रॉन असतो. असे दोन कण 1 नॅनोमीटर अंतरावर आले की, त्यांच्यातील व्हॅन डर वाल्स आकर्षणाची ऊर्जा औष्णिक ऊर्जेच्या सुमारे शंभरपट भरते. मग रेणूंच्या धडकांनी ते पुन्हा विलग होण्याचा संभव उरत नाही. अंतर 20 नॅनोमीटर ठेवता आले, तर हे आकर्षण विसांशावर येते. तेव्हा कणांना एवढ्या अंतराच्या आत येऊ न देणे, हाच स्थैर्याचा मार्ग होय.

पाण्यात हे काम विद्युत्‌भार करू शकतो. डेर्यागिन व लांडाऊ यांनी 1941 मध्ये आणि व्हर्वे व ओव्हरबेक यांनी 1948 मध्ये मांडलेली उपपत्ती या प्रतिसारणावरच आधारलेली आहे. परंतु पाण्याचा विद्युत् अपारक स्थिरांक सुमारे 78, तर टर्पेंटाइनच्या वर्गातील विद्रावकांचा केवळ 2 च्या आसपास असतो. दोन विरुद्ध आयनांनी एकमेकांच्या पकडीतून सुटण्यास पाण्यात 0.7 नॅनोमीटर अंतर पुरते. अशा विद्रावकात मात्र ते 28 नॅनोमीटर लागते. साहजिकच तेथे मुक्त आयन अत्यल्प असतात आणि भारावर भिस्त ठेवता येत नाही. उरतो तो बहुवारिकाचा आडपडदा.

चांगल्या अपस्कारकाच्या रेणूचे दोन भाग असतात. एक भाग कणाच्या पृष्ठभागास घट्ट धरतो. त्यात अमाइन किंवा कार्बॉक्सिल यांसारखे अनेक गट असतात, म्हणजे एखादा सुटला तरी बाकीचे रेणूला जागेवर ठेवतात. दुसरा भाग विद्रावकात मोकळेपणी पसरणाऱ्या शृंखलांचा असतो. दोन कण जवळ आले की, त्यांच्यावरील शृंखला एकमेकींत शिरू लागतात. तेथे बहुवारिकाची संहती वाढते, तर्षण दाबामुळे विद्रावक त्या फटीत शिरतो व कण दूर सारले जातात. शिवाय शृंखलांना वळण्या-वाकण्यास जागा अपुरी पडते, म्हणजेच एंट्रॉपी घटते. तिचाही विरोध होतोच. एरंडेलापासून मिळणाऱ्या 12-हायड्रॉक्सिस्टिअरिक अम्लाचे बहुवारिक हे अशा शृंखलेचे प्रसिद्ध उदाहरण होय. ते टर्पेंटाइनसारख्या विद्रावकात उत्तम पसरते, अल्कोहॉलात मात्र नाही. शृंखलेला न मानवणारा विद्रावक पडला, तर ती आक्रसते आणि तयार रंग क्षणात बिघडू शकतो. पातळ करणारा द्रव हा अपस्करणाचाच एक घटक आहे, हे यावरून ध्यानी यावे.

प्रमाणाविषयी एक कामचलाऊ नियम आहे : पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरास सुमारे 2 मिलिग्रॅम अपस्कारक. ग्रॅमला 10 चौरस मीटर पृष्ठभाग असलेल्या रंगद्रव्यास 2 टक्के पुरतो. ग्रॅमला 100 चौरस मीटर असलेल्या काजळीस 20 टक्के लागतो. तो कमी पडल्यास एकच लांब रेणू दोन कणांस जखडून पूल बांधतो, आणि जो पुंजके रोखावयास आणला, तोच ते घडवितो.

आता मर्यादेकडे वळू. स्टोक्सच्या नियमानुसार 0.25 मायक्रॉनचा सुटा कण टर्पेंटाइनमध्ये दिवसाला सुमारे 1 सेंटिमीटर खाली येतो. त्याचेच 5 मायक्रॉनचे, निम्मे विद्रावकाने भरलेले पुंजके झाल्यास ते तासाला सुमारे 8 सेंटिमीटर उतरतील. येथे अपस्कारकाचा लाभ उघड आहे. परंतु कोल्हापुरात उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव येथील ओतशाळांचा प्रश्न निराळा आहे. वितळलेले लोखंड वाळूत शिरू नये म्हणून साच्यास झिरकॉनच्या पिठाचा लेप देण्याची पद्धत ओतकामात आहे. हे पीठ आयसोप्रोपिल अल्कोहॉलात कालवतात व लेप दिल्यावर अल्कोहॉल पेटवून उडवितात. 40 मायक्रॉनचा झिरकॉनचा कण या द्रवात एकटा असता सेकंदाला दीड मिलिमीटरहून अधिक वेगाने खाली जातो; बादलीचा तळ त्याला तीन-चार मिनिटांचाच. अपस्कारकाने तो अधिक सुटा केला तरी तो तरंगणार नाही. उलट, सुटे कण एकमेकांवरून घसरत दाट रचले जातात आणि दगडासारखा घट्ट साका बसतो. पुंजक्यांचा साका सैल असतो व ढवळताच उठतो. साका घट्ट बसला की वरचा लेप पातळ होतो, वाळू धातूस चिकटते आणि घासकाम वाढते किंवा ओतीव नगच बाद होतो.

यावर उपाय म्हणजे द्रवातच दुर्बळ जाळे उभारणे. अमोनियम क्षारांनी संस्कारित बेंटोनाइटची पाने असे जाळे विणतात. 40 मायक्रॉनचा कण तोलण्यास एका पास्कलहूनही कमी ताण पुरतो. कुंचला फिरताच जाळे मोडते व हात उचलल्यावर पुन्हा जुळते.

तात्पर्य, कण सुटे राखणे व कण अधांतरी तोलणे ही दोन भिन्न कार्ये होत. पहिले कणावरील बहुवारिक करते; दुसरे, कण मोठा व जड असल्यास, द्रवाच्या घडणीने साधावे लागते. पहिल्याची परीक्षा सोपी आहे : ओलसर पापुद्र्यावर बोट चोळावे, चोळलेल्या जागी रंगाची छटा पालटली, तर पुंजके आहेत असे समजावे. दुसऱ्याची परीक्षा मात्र भांडे काही दिवस स्थिर ठेवून, तळाशी काठी घालूनच करावी लागते. या दोन्ही केल्यावाचून केवळ अपस्कारकाची मात्रा वाढवीत जाणे म्हणजे रोगाचे निदान न करता औषध देण्यासारखे आहे.