हृदयरक्षणार्थ दिनचर्या : रात्रपाळीच्या गावातील विचार

हृदय, बस्ती आणि शिर ही त्रिमर्मे आयुर्वेदाने प्राणांची प्रमुख अधिष्ठाने मानली आहेत. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या तिसाव्या अध्यायात हृदय हे ओजाचे स्थान सांगून तेथून निघणाऱ्या दहा सिरांचे वर्णन केले आहे. हृदय, महासिरा आणि ओज यांचे रक्षण करू इच्छिणाऱ्याने मनाला दुःख देणाऱ्या कारणांचा परिहार करावा, असा तेथील पहिला उपदेश आहे. हृद्य, ओजस्य व स्रोतसे प्रसन्न करणारी द्रव्ये त्यानंतर येतात. हा क्रम आम्हाला अर्थपूर्ण वाटतो. हृदयाचे रक्षण औषधाच्या डबीत सुरू होत नाही, ते रोजच्या जगण्यात सुरू होते.

परंतु रोजचे जगणे कोणाचे? ग्रंथोक्त दिनचर्या ब्राह्ममुहूर्ती उठणाऱ्या स्वस्थ पुरुषाला समोर ठेवते. आम्ही भिवंडीत रुग्णसेवा करतो. येथे ब्राह्ममुहूर्ती हजारो माणसे यंत्रमागासमोर उभी असतात. पाळी बारा तासांची, मजुरी विणलेल्या कापडावर, कानांत मागांचा अखंड खडखडाट आणि श्वासात कापसाची धूळ. अशा रुग्णाला 'पहाटे उठा, फिरायला जा' असे सांगणे म्हणजे काहीच न सांगणे होय. दिनचर्येचे तत्त्व न सोडता ती त्याच्या पाळीला कशी जुळवावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी चाळिशीतील एक माग कामगार छातीतील जळजळ घेऊन आमच्याकडे येत असे. जागरण, तिखट, वारंवार चहा असा इतिहास मिळाला. आम्ही अम्लपित्ताचे निदान केले. चूर्णाने त्याला बरे वाटे, पुन्हा त्रास होई, तो पुन्हा येई. एका संध्याकाळी जिना चढताना त्याला धाप लागली आणि कपाळावर घाम आला. त्या दिवशी आम्ही प्रथमच त्याचा रक्तदाब मोजला. तो फार वाढलेला होता. विचारल्यावर कळले की, त्याला रक्तदाबाच्या गोळ्या पूर्वीच सुरू झाल्या होत्या आणि आमचे औषध सुरू होताच त्याने त्या आपणहून बंद केल्या होत्या. आम्ही त्याला तत्काळ रुग्णालयात पाठविले. तो वाचला, पण त्याचे श्रेय आम्ही घेऊ शकत नाही. आम्ही विचारले नाही आणि मोजले नाही, ही चूक आमची होती. तेव्हापासून तिशी ओलांडलेल्या प्रत्येक रुग्णाचा रक्तदाब मोजणे आणि 'आणखी कोणती औषधे चालू आहेत?' हे विचारणे आम्ही नाडीपरीक्षेइतकेच आवश्यक मानतो.

निद्रा

आहार, निद्रा व ब्रह्मचर्य या तीन उपस्तंभांपैकी आमच्या गावात सर्वांत खचलेला उपस्तंभ निद्रा हा आहे. रात्रिजागरण रूक्ष असून वातवृद्धी करते. रात्रपाळी आणि हृद्रोग यांचा संबंध आधुनिक अभ्यासांनीही दाखविला आहे. पाळी बदलणे रुग्णाच्या हाती नसते, परंतु सकाळ कशी घालवावी हे काही अंशी त्याच्या हाती असते. आमच्या पाहण्यात बहुतेक जण पाळी सुटल्यावर भिस्सीत, म्हणजे कामगारांच्या सामूहिक खाणावळीत, पोटभर जेवतात आणि लगेच आडवे होतात. येथे वाग्भटाचार्यांचा उपदेश उपयोगी पडतो. सवय नसताना जागरण घडल्यास जागरणाच्या निम्मा काळ सकाळी, न जेवता झोपावे, असे ते सांगतात. रोज जागणाऱ्याला निम्मी झोप पुरणार नाही, परंतु 'न जेवता' हे सूत्र त्यालाही लागू पडते. म्हणून आम्ही असे सुचवितो : पाळी सुटल्यावर हातपाय धुवावेत, तळपायांना तिळतेल चोळावे, थोडी पेज किंवा कोमट दूध घ्यावे, डोळ्यांवर कापड बांधून झोपावे आणि उठून स्नान केल्यावर मुख्य जेवण करावे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने मात्र उपाशी झोपू नये. त्याच्या आहाराची वेळ औषधाशी जुळवून द्यावी.

वेगधारण

माधवनिदानात हृद्रोगाच्या हेतूंमध्ये अतिउष्ण व गुरू आहार, अतिश्रम, अध्यशन आणि अतिचिंतन यांच्या बरोबरीने वेगधारणाचा उल्लेख आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात तर कोणता वेग अडविल्याने हृदयास पीडा होते, हेही सांगितले आहे. तहान रोखल्याने हृदयात व्यथा होते. श्रमाने लागलेली धाप दाबल्याने हृद्रोग होतो. अश्रू अडविल्यानेही हृद्रोग होतो.

या तीन वाक्यांत आम्हाला आमचा सगळा बाह्यरुग्ण विभाग दिसतो. धागा तुटेल म्हणून माग न सोडणारा विणकर तहान आणि मूत्रवेग दोन्ही दाबतो. गोदामात गोणी वाहणारा हमाल धाप लागली तरी रांग मोडत नाही. मुलाबाळांपासून शेकडो कोस दूर राहणारा माणूस रडत नाही. पाण्याची बाटली मागाजवळ ठेवणे, दोन तासांनी एकदा बाहेर जाऊन येणे, धाप लागताच ओझे उतरवून बसणे आणि आठवड्यातून एकदा घरी निवांत बोलणे या गोष्टी क्षुल्लक दिसल्या तरी हृदयरक्षणाची ही शास्त्रोक्त साधने आहेत.

आहार

चरकाचार्यांनी पिप्पली, क्षार व लवण या तीन द्रव्यांचा अतियोग टाळावयास सांगितले आहे. जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढ व्यक्तीस दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याहून कमी मीठ असावे. पापडात लवण आणि क्षार दोन्ही एकत्र असतात. पापड, लोणचे, फरसाण आणि वरून घेतलेले मीठ यांपैकी आज कोणती एक गोष्ट सोडता येईल, एवढेच रुग्णाला विचारावे. त्याच त्या तेलात तळलेला वडा-भजी हा पाळीतला आहार. त्याऐवजी भाजलेले चणे, केळे व ताक सहज मिळतात. ताकात मीठ नसावे.

चरकोक्त हृद्य गणातील दहा द्रव्ये फळे आहेत व त्यांचा कल अम्ल रसाकडे आहे. त्यांतील आंबा, बोर, डाळिंब आणि करमर्द म्हणजे करवंद ही आपल्या परिसरात मिळतात. वृक्षाम्ल म्हणजे कोकम असे बहुतेक मानतात. येथे 'हृद्य' या शब्दात मनाला प्रिय हाही अर्थ आहे, म्हणून ही फळे खाल्ल्याने हृद्रोग बरा होतो असे रुग्णास सांगू नये.

व्यायाम व व्यसन

दिवसभर उभ्याने काम करणारा म्हणतो, 'आमचा व्यायाम होतोच.' तो श्रम आहे, व्यायाम नव्हे. व्यायाम अर्ध्या शक्तीने करावयाचा असतो आणि त्यानंतर शरीरास लाघव येते. अशा रुग्णास अधिक श्रम न देता अभ्यंग, सावकाश चालणे व दीर्घ श्वसन द्यावे. गादीवर बसून हिशेब पाहणाऱ्या व्यापाऱ्यास मात्र आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालण्यास सांगावे.

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी तंबाखू, बिडी आणि स्त्रियांमधील मशेरी सुटलेली नाही. 'व्यसन आहे का?' या प्रश्नाला मशेरी लावणारी भगिनी 'नाही' असेच उत्तर देते, म्हणून नाव घेऊन विचारावे.

वैद्यांना विनंती

अर्जुनाचा क्षीरपाक आम्हीही देतो. तथापि छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, धाप यांपैकी काही असेल तर ती वेळ क्षीरपाकाची नव्हे, १०८ क्रमांकाची आहे. मधुमेही व्यक्तींत आणि स्त्रियांत वेदना अल्प असू शकते, हेही ध्यानात असावे. चालू असलेली औषधे आपल्या शब्दावर किंवा आपल्या मौनावर बंद होऊ नयेत.

तो कामगार आजही येतो. गोळ्या नियमित घेतो, बाटली मागाजवळ ठेवतो, तंबाखू सोडली आहे. रात्रपाळी मात्र सुटलेली नाही. दिनचर्या माणसासाठी आहे. जो पहाटे झोपतो, त्याचीही दिनचर्या लिहून देणे हे आपले कर्तव्य आहे.