‘ऑफिसमधलं प्रेम’ हा विषय झाला, प्रश्न कुठाय?

पेट पास झालेल्या एका ज्युनिअरने मागच्या आठवड्यात सिनॉप्सिस वाचायला पाठवला. शीर्षक : ‘रोमँटिक कॉमेडीतील सहकाऱ्यांचे प्रेम : एक अभ्यास’. वाचून हसू आलं, कारण माझा पहिला सिनॉप्सिस जवळजवळ असाच होता. आरआरसीत एका सरांनी शांतपणे विचारलं, “विषय कळला. प्रश्न काय आहे?” मी गप्प. तो फेटाळला गेला आणि माझे सहा महिने गेले.

प्रश्न नंतर सापडला, तोही वाचनालयात नाही. एकाच गोष्टीवरचे दोन चित्रपट लागोपाठ पाहिले तेव्हा.

पहिला, अर्न्स्ट लुबिचचा ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ (१९४०). मिक्लोश लास्लो या हंगेरियन नाटककाराच्या ‘पारफ्युमरी’ नाटकावर आधारलेला. नाटकात अत्तरांचं दुकान आहे, चित्रपटात चामड्याच्या वस्तूंचं, शहर बुडापेस्टच. क्रालिक आणि क्लारा हे तिथले विक्रेते. दिवसभर एकमेकांशी वाजतं, आणि रात्री दोघंही एका अनोळखी व्यक्तीला प्रेमपत्रं लिहितात. ती अनोळखी व्यक्ती कोण, हे तुम्ही ओळखलंच असेल.

आता भांडण सुरू कशावरून होतं ते बघा. झाकण उघडलं की गाणं वाजणारी एक सिगारेटची पेटी असते. ती विकली जाणार नाही, असं क्रालिक मालकाला सांगतो. नोकरी मागायला आलेली क्लारा तीच पेटी चॉकलेटची म्हणून एका गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारते आणि नोकरी मिळवते. म्हणजे वैर स्वभावाचं वाटतं, पण मुळाशी पोटाचा प्रश्न आहे. पुढे मालक गैरसमजातून क्रालिकला काढून टाकतो, आणि त्याच संध्याकाळी कॅफेच्या खिडकीतून त्याला कळतं की पत्रं लिहिणारी क्लाराच आहे. त्याच्याकडे गुपित आहे, पण नोकरी नाही!

दुसरा, नोरा एफ्रनचा ‘यू हॅव गॉट मेल’ (१९९८). न्यूयॉर्क, पत्रांऐवजी ई-मेल. इथे मात्र दोघं सहकारी नाहीतच. तिचं आईकडून आलेलं लहान मुलांच्या पुस्तकांचं दुकान, त्याची मोठ्या दुकानांची साखळी. कॅफेचा प्रसंग जवळपास तसाच आहे, गुपित इथेही त्यालाच आधी कळतं. पण ज्याला कळतं त्याच्याच धंद्यामुळे तिचं दुकान बंद पडतं. दोघांचं जुळतं, दुकान काही परत उघडत नाही. (मला हा शेवट पहिल्यांदा गोड वाटला होता. आता वाटत नाही.)

इथे माझी पेन्सिल थांबली. काय बदललं? पोटापाण्याचं नातं. १९४० मध्ये दोघंही एकाच मालकाचे नोकर. क्रालिक परत येतो, मॅनेजर होतो, तरी क्लाराची नोकरी शाबूत राहते. १९९८ मध्ये एकाचा नफा म्हणजे दुसरीचं नुकसान. आणि काय बदललं नाही? आधी त्यालाच कळणं, आणि कळूनही त्याने बराच काळ गप्प बसणं. मग प्रश्न असा झाला : दोघांचं पोटापाण्याचं नातं बदललं की नायकाच्या त्याच गप्प बसण्याचा अर्थ कसा बदलतो? यावर काम करता येतं. प्रसंग मोजता येतात, संवाद तपासता येतात, आणि मुख्य म्हणजे मी चूक ठरू शकते.

पण लगेच ‘अमेरिकन समाज बदलला म्हणून’ असं लिहू नका. मी लिहिलं होतं, गाईड मॅडमनी लाल रेघ मारली. दोन चित्रपटांवरून समाज सिद्ध होत नाही. दिग्दर्शक वेगळे, शहर वेगळं, मध्ये ५८ वर्षं. शिवाय याच गोष्टीवर ‘इन द गुड ओल्ड समरटाइम’ (१९४९) हा चित्रपट आणि ‘शी लव्ह्ज मी’ (१९६३) हे ब्रॉडवेवरचं संगीतक आहे. दोन्हींत ते दोघं सहकारीच आहेत, आणि गुपित त्यालाच आधी कळतं. मधल्या या कड्या गाळल्या, तर व्हायवात पहिला प्रश्न तोच येणार.

ज्युनिअरला म्हटलं, आधी १९४९ चा बघ, एक साधा तक्ता कर : कोणाला कधी कळतं, तेव्हा कोणाची नोकरी कोणाच्या हातात आहे. आणि शीर्षकातलं ते ‘एक अभ्यास’ आजच खोडून टाक.