धूर एक, खाती अनेक

शहरातील रस्त्यावरून धावणाऱ्या एका बसशी शासनाची किती खाती निगडित असतात, याची कल्पना नागरिकाला क्वचितच असते. बसला परवाना परिवहन खाते देते. इंधनाचा पुरवठा पेट्रोलियम मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो. हवेची तपासणी प्रदूषण नियंत्रण मंडळे करतात. आणि त्या हवेमुळे ज्याचा दमा बळावतो, तो आरोग्य खात्याच्या रुग्णालयात दाखल होतो. अशा रीतीने धूर एका खात्याच्या कक्षेत निर्माण होतो, तर त्याची किंमत दुसऱ्याच खात्याला, आणि अखेरीस रुग्णाला, मोजावी लागते.

या विसंगतीचे परिणाम दिल्लीत स्पष्टपणे दिसून आले. महेशचंद्र मेहता यांनी १९८५ साली दाखल केलेल्या याचिकेच्या सुनावणीत, २८ जुलै १९९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा आदेश दिला की, ३१ मार्च २००१ पर्यंत शहरातील सर्व बसगाड्या संपीडित नैसर्गिक वायूवर, म्हणजेच सीएनजीवर चालविण्यात याव्यात. मुदत निश्चित होती. परंतु ती पाळण्याची सिद्धता मात्र अनेक हातांत विखुरलेली होती. वायूची खात्री नसल्याने बसमालक नव्या गाड्या घेण्यास कचरत, आणि ज्यांनी घेतल्या त्यांना वायूसाठी लांबच लांब रांगांत ताटकळावे लागे. मुदत वाढवावी लागली. दरम्यान डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने असे मत मांडले की, शासनाने धुराची मर्यादा ठरवावी, विशिष्ट इंधनाची सक्ती करू नये. न्यायालयाने मात्र एप्रिल २००२ मध्ये आपला आदेश कायम ठेवला. डिझेलवरील शहरी बसगाड्या २००२ च्या अखेरीस बंद झाल्या.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. न्यायालय मुदत ठरवू शकते. परंतु वायूवाहिनी, बस आणि परवाना यांचा मेळ घालण्याचे काम प्रशासनाचेच होय. २०२१ च्या कायद्यान्वये दिल्ली व लगतच्या प्रदेशासाठी वायुगुणवत्ता व्यवस्थापन आयोग स्थापन झाला, तो याच उणिवेची जाणीव ठेवून. तथापि केवळ नवे मंडळ नेमल्याने समन्वय साधत नाही. रस्त्याचा आराखडा मंजूर करतानाच, त्या रस्त्याकाठच्या शाळेतील मुले कोणती हवा श्वासात घेतील, हा प्रश्न प्रत्येक खात्याने विचारला पाहिजे. तो रुग्णालयातच प्रथम विचारला गेला, तर फार उशीर झालेला असतो.