दिवसभर तोंड मिटून बसणारी भाजी

असरची नमाज आटोपली की बाजाराला घाई सुटते. कलिंगडांच्या गाड्या, खजुरांचे ढीग, कढईतून निघणारी गरम भजी. त्याच रस्त्याच्या टोकाला एखादी शेतकरी बाई गोणपाट अंथरून बसलेली असते. पुढ्यात घोळीच्या चार-सहा जुड्या. लालसर देठ आणि पाण्याने भरलेली जाडसर, गुळगुळीत पाने. एक गिऱ्हाईक विचारते, ‘घोळ कशी दिली, मावशी?’ दुसरे म्हणते, ‘खाला, कुल्फा ताजा है क्या?’ जुडी एकच, नावे दोन.

तशी या भाजीला नावांची वाण कधीच नव्हती. संस्कृतात ती लोणिका, फारसीत खुर्फा. युनानी औषधांच्या दुकानात तिचे बी आजही ‘तुख्म-ए-खुर्फा’ म्हणून मिळते. अरबीत तिला ‘बक्लतुल हम्का’ म्हणजे ‘वेडी भाजी’ म्हणतात. वाटेवर, ओढ्याच्या काठावर, जिथे तुडवली जाईल किंवा वाहून जाईल अशाच जागी ती उगवते, म्हणून हे नाव. लेबनॉन-सीरियाकडे रमझानच्या दस्तरख्वानावर फत्तूश नावाची कोशिंबीर हमखास असते. रोटीचे कुरकुरीत तुकडे, काकडी, टोमॅटो, सुमाकची आंबट पूड आणि पारंपरिक पद्धतीने केली तर हीच घोळ.

विज्ञानाने या वेडीचे शहाणपण उशिरा ओळखले. बहुतेक झाडे दिवसा पानांवरची सूक्ष्म छिद्रे उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात, पण त्याच वाटेने पाणीही उडून जाते. पाण्याचा ताण पडला की घोळ रीत बदलते. रात्री छिद्रे उघडून कार्बन डायऑक्साइड घेते, तो मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसभर तोंड मिटून त्या शिदोरीवर भागवते. सहेरी करून रोजा धरावा, तसेच हे. म्हणूनच कोरड्या रानातली घोळ पहाटे खुडली तर जास्त आंबट लागते आणि संध्याकाळपर्यंत तिचा आंबटपणा उतरतो. मका-ज्वारीसारखी जलद वाढ आणि निवडुंगासारखी काटकसर अशा दोन्ही रीती तिच्या पानांत एकाच पेशीत चालतात, हे येल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2022 मध्ये दाखवले.

आहाराच्या दृष्टीनेही तिच्याकडे लक्ष गेले ते 1980च्या दशकात. आर्टेमिस सिमोपौलोस आणि सहकाऱ्यांनी तिच्यातील ओमेगा-3 मेदाम्लांची नोंद केली. त्यांच्या 1992 च्या मोजणीनुसार 100 ग्रॅम ताज्या पानांत 300 ते 400 मिलिग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल, सुमारे 27 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, 12 मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व आणि पेशींचे रक्षण करणारे ग्लुटाथायोन सुमारे 15 मिलिग्रॅम मिळाले. याच मेदाम्लाच्या बाबतीत पालक तिच्या बराच मागे राहतो. शिवाय पोटॅशियम आणि मॅग्नेशियम आहे, आणि दिवसभर घाम गाळलेल्या शरीराला दोन्ही हवे असतात.

मात्र कौतुकाच्या भरात दोन गोष्टी विसरू नयेत. अल्फा-लिनोलेनिक आम्लाचे माशातल्या ओमेगा-3 मध्ये रूपांतर शरीर फार थोडे करते. त्यामुळे घोळ म्हणजे बांगडा नव्हे. दुसरे, तिच्यात ऑक्झलेट भरपूर असते. ज्यांना मुतखडा होऊन गेला आहे किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती खाऊ नये. रोज्यात दिवसभर पाणी नसते, तेव्हा तर जास्तच जपावे. इतरांसाठी जुनी रीत उपयोगी पडते. आपल्याकडे घोळीला ताक लावतात, तुर्कस्तानात ती दह्यात कालवतात. दह्यातले कॅल्शियम ऑक्झलेटला बांधून ठेवते आणि ते शरीरात कमी शोषले जाते. प्रयोगशाळेने हे पुढे मोजले, स्वयंपाकघराला आधीच ठाऊक होते. इफ्तारला भज्यांची एक फेरी कमी करून बारीक चिरलेली घोळ, काकडी, दही आणि जिऱ्याची पूड एवढे ठेवले तरी पुरे. जेवणात ती डाळीत शिजते, गोश्तातही मुरते.

अडचण वेगळीच आहे. पूर्वी खुरपणीला गेलेली बाई तण उपटताना घोळ ओटीत टाकून आणायची. आता खुरप्याच्या जागी तणनाशकाचा पंप आला. फवारा मारलेल्या बांधावरची घोळ खाण्याजोगी राहत नाही आणि न फवारलेले बांध कमी होत चालले आहेत. भाजीबरोबर ती ओळखणारी नजरही जाते. घोळीसारखीच जमिनीसरपट पसरणारी दुधी विषारी असते. तिची काडी मोडली की पांढरा चीक येतो, घोळीचा रस मात्र पाण्यासारखा निघतो. एवढी साधी खूण आज्यांना आणि नान्यांना ठाऊक होती, नातवंडांना ती कोणी दाखवलेली नाही.

म्हणून जुडी घेताना एक प्रश्न जास्त विचारावा: ही कुठल्या रानातली, फवारलेली तर नाही ना? गोणपाटावर बसलेल्या बाईला त्याचे उत्तर माहीत असते. घरी आणून माती जाईपर्यंत तीन-चार पाण्यांतून धुवावी आणि एखादी काडी कुंडीत खोचावी. ती रुजते. ईदपर्यंत खुडण्याइतकी झाली, तर त्यातली थोडी शेजाऱ्यांकडेही पाठवावी, ते तिला कोणत्याही नावाने हाक मारत असोत.