मोतीबिंदू निघाला, आता डोळा घरच्यांच्या हाती

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया हल्ली पंधरा-वीस मिनिटांत होते. रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातो. त्यानंतरचा महिनाभर डोळा सांभाळायचा तो घरच्यांनी. नांदेड-लातूर भागातले रुग्ण मी नेत्रतज्ज्ञ म्हणून वर्षानुवर्षे तपासत आलो आहे. काळजी सगळेच घेतात, पण नको तिथे जास्त आणि हवी तिथे कमी, असे नेहमी दिसते.

याचे मूळ जुन्या शस्त्रक्रियेत आहे. पूर्वी मोठा छेद घेऊन अख्खे भिंग काढत. रुग्णाला कित्येक दिवस हलू देत नसत आणि पुढे जन्मभर जाड काचांचा चष्मा लागे. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची सुरुवात १९४९ साली लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडले यांनी केली. आज छेद काही मिलिमीटरचाच असतो आणि बहुधा टाकाही लागत नाही. शस्त्रक्रिया बदलली, पण घरातले जुने पथ्य तसेच राहिले.

म्हणून पहिली गोष्ट ही, की आजी-आजोबांना अंधाऱ्या खोलीत कोंडू नका. त्यांना फिरू द्या, टीव्ही पाहू द्या. वरण, वांगे, आंबट खाल्ल्याने डोळ्यात पू होत नाही. नेहमीचे जेवण द्या. मधुमेह व रक्तदाबाच्या गोळ्या मात्र एक दिवसही चुकवू नका. पाण्याची घागर, धान्याचे पोते, कडब्याची पेंढी उचलणे काही आठवडे बंद. खोकला किंवा बद्धकोष्ठता असेल तर डॉक्टरांना सांगा, कारण जोर केल्याने डोळ्यावर ताण येतो.

पाणी, धूर आणि धूळ

पहिले आठ-दहा दिवस अंघोळ गळ्याखालून करावी आणि तोंड ओल्या स्वच्छ फडक्याने पुसावे. डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत डोक्यावरून पाणी नको. गोदावरीत बुडी मारायची असेल तर ती पुढच्या पर्वणीला. चुलीपुढे बसू नये. मळणीच्या दिवसांत खळ्याकडे फिरकू नये. बाहेर पडताना काळा चष्मा आणि रात्री झोपताना डॉक्टरांनी दिलेले डोळ्यावरचे झाकण वापरावे, म्हणजे झोपेत हात लागत नाही.

थेंब कसे टाकावेत?

आधी हात साबणाने धुवावेत. लातूरला २०१६ साली रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पाण्याची किंमत या भागाला वेगळी सांगायला नको. तरीही हात धुण्यापुरते तांब्याभर पाणी बाजूला ठेवाच. खालची पापणी हलकेच ओढून एकच थेंब सोडावा. बाटलीचे टोक पापणीला लागू देऊ नये. दोन औषधांत पाच मिनिटांचे अंतर ठेवावे. बरे वाटले म्हणून थेंब मध्येच सोडू नयेत आणि मुदत संपल्यावर मनाने नवी बाटलीही आणू नये. त्यातल्या काही औषधांनी डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. मध, तूप, एरंडेल, सुरमा यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये.

हे दिसले तर त्याच दिवशी या

सुरुवातीला थोडी कचकच, पाणी येणे, उजेड सहन न होणे हे चालते आणि ते दिवसागणिक कमी होते. उलट, डोळा ठणकू लागला, लाली वाढली, पापणी सुजली, चिपडे येऊ लागली किंवा आलेली नजर पुन्हा अंधूक झाली, तर डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झाला असण्याची शक्यता असते. तो क्वचितच होतो. पण झाला तर काही तासांचा उशीरही महागात पडतो. डोळ्यासमोर पडदा आल्यासारखा वाटला किंवा विजा चमकल्यासारख्या दिसल्या तरी थांबू नये.

एका आजींचा डोळा पाचव्या दिवशी ठणकू लागला. तपासणीची तारीख दोन दिवसांवर होती, तेव्हाच दाखवू असे घरी ठरले. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा उजेड-अंधार एवढेच कळत होते, आणि पुढेही तेवढेच राहिले. एका शेतकरी गृहस्थांची तक्रार हीच होती. मुलगा त्याच संध्याकाळी त्यांना मोटारसायकलवर घेऊन आला. डोळ्यात इंजेक्शन देता आले आणि नजर वाचली. दोघांच्या आजारात फरक नव्हता, फरक होता तो दोन दिवसांचा.

किनवट-माहूरकडून नांदेड किंवा देवणीकडून लातूर गाठणे सोपे नाही, हे मी जाणतो. म्हणून डॉक्टरांचा फोन नंबर पहिल्याच दिवशी भिंतीवर लिहून ठेवा. शिबिरात शस्त्रक्रिया झाली असेल तर तिथले कार्ड जपा. आपले डॉक्टर भेटले नाहीत तर नांदेड किंवा लातूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठा.

चष्म्याचा नंबर साधारण महिना-दीड महिन्याने काढतात. वाचायला बहुतेकांना चष्मा लागतोच, त्यात शस्त्रक्रिया बिघडली असे काही नाही. पुढे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागले तर मोतीबिंदू परत आला असे समजू नये. भिंगामागची पातळ पिशवी गढूळ होते, आणि लेसरने ती काही मिनिटांत मोकळी करता येते.

घरात कुणाची शस्त्रक्रिया झाली असेल तर रोज सकाळी एक डोळा झाकून समोरचे कॅलेंडर वाचायला सांगा. कालच्यापेक्षा आज कमी दिसले, तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका.