तोतरेपणा : जिभेचा की कानाचा?

मूल बोलताना अडखळू लागले की आपल्या घरांतून प्रथम जिभेवर संशय घेतला जातो. वेखंड उगाळून चाटविले जाते. गुण आला नाही की ‘जरा सावकाश बोल’ हा सल्ला ठरलेलाच. घरी आलेले पाहुणे तर त्या मुलाशी मुद्दाम मोठ्याने, एकेक शब्द तोडून बोलतात. ज्याला नीट बोलता येत नाही त्याला ऐकलेलेही नीट समजत नसावे, अशी जणू त्यांची खात्रीच असते! वास्तविक दुसऱ्याचे बोलणे त्याला चांगले समजत असते. त्याचा कान निराळा वागतो तो स्वतःचेच बोलणे ऐकताना.

बर्नार्ड ली या अमेरिकन संशोधकाने १९५० च्या सुमारास बोलणाऱ्याचा आवाज काही क्षणांश उशिरा त्याच्याच कानांत सोडून पाहिला. त्यासरशी अस्खलित बोलणारेही अडखळू लागले. नवल असे की, हाच विलंब पुष्कळ तोतऱ्या व्यक्तींना उलट साहाय्यक ठरतो. पुढे १९५६ साली कॉलिन चेरी आणि ब्रूस सेयर्स यांनी लंडनमधील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. खर्जातील मोठ्या आवाजाने स्वतःचे बोलणे ऐकू येईनासे झाले की तोतरेपणा जवळजवळ नाहीसा होई. दुसऱ्याच्या बोलण्यामागोमाग, त्याच्या सावलीसारखे बोलत गेले तरीही तोच अनुभव.

हा दुसरा प्रयोग आम्ही सारे दर गणेशोत्सवात पाहतो. आरती खणखणीत म्हणणारा मुलगा प्रसाद घेताना कोणी नाव विचारले की पहिल्याच अक्षरावर थबकतो. ‘आत्ता तर म्हणत होतास!’ असे म्हणून त्याला ढोंगी ठरविणारी वडीलधारी मंडळीही आम्हांस ठाऊक आहेत. तो ढोंग करीत नाही. सर्वांच्या स्वरात त्याला बाहेरून आधार मिळालेला असतो.

आपण बोलण्यास तोंड उघडण्यापूर्वीच मेंदू आपल्या श्रवणकेंद्राची ध्वनीला मिळणारी प्रतिक्रिया काहीशी सौम्य करून ठेवतो. अमेरिकेतील दलिरी आणि मॅक्स यांच्या २०१५ च्या अभ्यासात तोतऱ्या प्रौढांमध्ये ही पूर्वतयारी फारच तोकडी आढळली. म्हणजे शब्द ओठांवर येण्याआधीच काही बिनसलेले असते. ‘धीराने बोल’ म्हटल्याने ते कसे सुधारावे?

अडलेला शब्द आपणच पुरा करून देण्याची घाई तर अधिकच जाचक. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरील अधीरता त्या मुलाच्या नजरेतून सुटत नाही, आणि पुढचा शब्द आणखी जड होतो. शाळेत हजेरीच्या वेळी ‘हजर’ हाच शब्द अडतो. अशा मुलाला नुसता हात वर करू देणारे किंवा धडा दुसऱ्या मुलाबरोबर एका सुरात वाचावयास लावणारे शिक्षक फार थोडे भेटतात.