प्रश्नांची खुर्ची

टीव्हीवरचा 'कौन बनेगा करोडपती' हा खेळ तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. एक उंच खुर्ची असते. तिच्यावर आपल्यासारखाच एखादा माणूस बसलेला असतो. समोर अमिताभ बच्चन बसतात. ते प्रश्न विचारतात, माणूस उत्तर देतो. उत्तर बरोबर आले की पैसे वाढत जातात.

खेळ बघता बघता घरोघरी बोलणे निघते. कुणी म्हणते, "नशीब लागतं त्याला!" कुणी म्हणते, "हे शहरातल्या शिकलेल्या लोकांचं काम. आपल्याला कोण बोलावतंय तिथं?"

ही दोन्ही बोलणी अर्धीच खरी आहेत. नशीब लागते, पण ते दारापर्यंतच. दाराच्या आत माहिती लागते आणि शांत डोके लागते. आणि बोलावणे म्हणाल, तर ते खेडेगावातही येते. कसे, ते आता पाहू.

खेळ आला कुठून?

हा खेळ मूळचा इंग्लंडमधला. तिथे तो 1998 साली सुरू झाला. लोकांना तो इतका आवडला की पुष्कळ देशांनी तो आपापल्या भाषेत आणला. आपल्या देशात तो 3 जुलै 2000 रोजी हिंदीत सुरू झाला. त्याच वर्षी मुंबईच्या हर्षवर्धन नवाथे या मराठी तरुणाने एक कोटी रुपये जिंकले. इतकी रक्कम जिंकणारा तो पहिला. तो तेव्हा सरकारी अधिकारी होण्याच्या परीक्षेचा अभ्यास करत होता. म्हणजे त्याचे वाचन आधीच झालेले होते.

पुढे हा खेळ मराठीतही आला. 2013 साली 'कोण होईल मराठी करोडपती' या नावाने तो झाला. तेव्हा प्रश्न विचारायला सचिन खेडेकर होते. 2019 साली 'कोण होणार करोडपती' या नावाने तो पुन्हा झाला, तेव्हा नागराज मंजुळे होते.

अंजनगावच्या बबिताताई

अमरावती जिल्ह्यात अंजनगाव सुर्जी नावाचे गाव आहे. तिथल्या बबिता ताडे शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवत. त्यांना महिन्याला 1500 रुपये मिळत. 2019 साली त्या या खुर्चीवर बसल्या. एकेक प्रश्न सोडवत त्यांनी एक कोटी रुपये जिंकले.

त्यानंतर सात कोटींचा शेवटचा प्रश्न आला. त्याचे उत्तर त्यांना खात्रीने ठाऊक नव्हते. त्यांनी अंदाज केला नाही. त्या थांबल्या आणि एक कोटी घेऊन घरी आल्या.

उत्तर देण्याइतकेच थांबण्यालाही मोल आहे. ते का, हे पुढे हिशोबाने पाहू.

आत जायचे कसे?

खेळ सुरू होण्याच्या आधी काही दिवस टीव्हीवर रोज एक प्रश्न विचारतात. त्याचे उत्तर मोबाईलवरून ठरलेल्या मुदतीत पाठवायचे असते. लाखो लोक उत्तर पाठवतात. बरोबर उत्तर देणाऱ्यांतून काही जणांची निवड होते. मी म्हटले ना, नशीब दारापर्यंत लागते, ते हेच.

निवडलेल्या माणसाला फोन येतो. फोनवर आणखी काही प्रश्न विचारतात. त्यांतून जे उरतात, त्यांना एखाद्या शहरात बोलावतात. तिथे सामान्य ज्ञानाची परीक्षा होते. समोरासमोर बोलणेही होते. तुम्ही कोण, काय करता, पैसे मिळाले तर काय कराल, असे विचारतात. तिथे उगाच मोठेपणा सांगू नये. आपले आहे तेच नीट सांगावे.

एवढे पार पडले की प्रत्यक्ष खेळाच्या जागी बोलावणे येते. पण खुर्ची लगेच मिळत नाही. 2019 साली एका वेळी दहा जण बसवत. त्यांना चार गोष्टी क्रमाने लावायला सांगत. जो सर्वांत कमी वेळात बरोबर क्रम लावील, त्याला खुर्ची.

नमुन्यादाखल आपणच एक प्रश्न करू. मराठी वर्षाप्रमाणे हे सण क्रमाने लावा: पोळा, गुढीपाडवा, दिवाळी, नागपंचमी. तुम्ही म्हणाल, हे तर पोरही सांगेल! गुढीपाडवा, नागपंचमी, पोळा, दिवाळी. खरे आहे. पण दिवे झगमगत आहेत, शेजारी नऊ जण घाई करत आहेत आणि बोटाने बटणे दाबायची आहेत. अशा वेळी येणारी गोष्टही चुकते. म्हणून घरी घड्याळ लावून सराव करावा.

पैशाचा जिना

खुर्चीवर बसल्यावर एकामागून एक प्रश्न येतात. प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरे दिलेली असतात. त्यांतले एकच बरोबर असते. पहिले प्रश्न सोपे असतात, पण त्यांना वेळेची मर्यादा असते. पुढचे प्रश्न अवघड होत जातात, आणि तिथे विचाराला जास्त वेळ मिळतो.

किती प्रश्न आणि किती पैसे हे दर खेपेला थोडे बदलते. 2019 साली सोळा प्रश्न होते. पहिल्याला 1,000 रुपये. पाचव्याला 10,000. दहाव्याला 3,20,000. तेराव्याला 25 लाख, चौदाव्याला 50 लाख, पंधराव्याला एक कोटी आणि सोळाव्याला सात कोटी.

या जिन्याला दोन ठिकाणी पक्के टप्पे होते. त्यांना पडाव म्हणतात. पहिला 10,000 वर, दुसरा 3,20,000 वर. उत्तर चुकले की माणूस खाली येतो, पण शेवटच्या पार केलेल्या पडावापर्यंतच. पहिल्या पडावाच्या आधी चुकला तर हात रिकामे. आणि उत्तर न देता "मी थांबतो" असे म्हटले, तर तोवर जिंकलेले सारे पैसे त्याचे.

2019 साली मदतही मिळे. दोन चुकीची उत्तरे काढून टाका, असे सांगता येई. समोर बसलेल्या प्रेक्षकांचे मत घेता येई. जाणकाराला विचारता येई. प्रश्न बदलून मागता येई. पण प्रत्येक मदत एकदाच मिळे. बहुतेकांना ठाऊक असेल असा प्रश्न असला, तर प्रेक्षकांचे मत घ्यावे. फार अवघड प्रश्नाला प्रेक्षकही अंदाजच करतात, मग त्यांचे मत घेऊन काय उपयोग?

थांबावे की खेळावे?

आता हिशोब करू. समजा, चार माणसे आहेत. चौघांनीही 25 लाख जिंकले आहेत. समोर 50 लाखांचा प्रश्न आहे. उत्तर चौघांनाही ठाऊक नाही.

चौघेही थांबले, तर प्रत्येकाला 25 लाख. चौघांचे मिळून एक कोटी.

चौघांनीही डोळे मिटून वेगवेगळे उत्तर दिले, तर काय होईल? एकाचे बरोबर येईल. त्याला 50 लाख. तिघांचे चुकेल. ते 3,20,000 वर येतील. तिघांचे मिळून 9,60,000. म्हणजे चौघांचे एकूण 59,60,000.

कुठे एक कोटी आणि कुठे 59,60,000! चाळीस लाख चौघांच्या हातून गेले. आंधळा अंदाज हा असा तोट्याचा धंदा आहे.

दोनच उत्तरे उरली असतील तर? मग दोघांत एकाचे बरोबर येईल. एकाला 50 लाख, दुसऱ्याला 3,20,000. मिळून 53,20,000. थांबले असते तर दोघांचे 50 लाख झाले असते. कागदावर खेळणेच थोडे फायद्याचे दिसते. पण कागदावर माणसे दोन आहेत. तुमच्या घरातून गेलेला माणूस एकच आहे. त्याला अर्धे पैसे मिळत नाहीत. त्याला 50 लाख मिळतात, नाहीतर 21,80,000 रुपये हातचे जातात. डोक्यावर कर्ज असेल, मुलीचे शिक्षण अडले असेल, तर तो धोका घ्यायचा का, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण ते घरी ठरवावे, घरच्यांशी बोलून ठरवावे. खुर्चीवर बसल्यावर टाळ्यांच्या आवाजात ठरवू नये.

हातात किती येतात?

जिंकलेले सगळे पैसे घरी येत नाहीत. अशा बक्षिसावर शेकडा 30 रुपये आयकर लागतो. त्या करावर आणखी शेकडा 4 रुपये उपकर लागतो. आपली बाकीची कमाई थोडी असली, तरी बक्षिसावर हा कर लागतोच.

3,20,000 रुपयांचे उदाहरण घ्या. कर 96,000. त्यावर उपकर 3,840. एकूण 99,840 रुपये करात जातात. हातात येतात 2,20,160. मोठ्या रकमेवर अधिभारही लागतो. एक कोटी जिंकले, तर तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्तच पैसा करात जातो.

एक गोष्ट पक्की ध्यानात धरा. हा कर बक्षीस देणारेच कापून घेतात आणि उरलेले पैसे देतात. पैशाच्या बक्षिसात "आधी कर भरा, मग बक्षीस देतो" असे होत नाही.

ठकांपासून सांभाळा

ही गोष्ट ध्यानात धरा असे का सांगितले? कारण या खेळाच्या नावाने फार मोठी फसवणूक चालते.

मोबाईलवर निरोप येतो. त्यात अमिताभ बच्चन यांचे चित्र असते. "तुमच्या नंबरला 25 लाखांची लॉटरी लागली आहे. अमक्या साहेबांना फोन करा." फोन केला की साहेब गोड बोलतात. मग म्हणतात, "कराचे आठ-दहा हजार पाठवा, लगेच चेक देतो." ते पाठवले की आणखी मागतात. घरातली पुंजी जाते. कुणी दागिना मोडतो, कुणी व्याजाने पैसे काढतो. शेवटी फोन बंद होतो.

आपल्या देशातले नंबर 91 ने सुरू होतात. असले पुष्कळ निरोप 92 ने सुरू होणाऱ्या परदेशी नंबरांवरून आल्याचे पोलिसांनी सांगितले आहे. पण नंबर आपल्याकडचा दिसला म्हणून निरोप खरा, असेही समजू नका.

विचार करा. आपण खेळलो नाही, खुर्चीवर बसलो नाही, एकाही प्रश्नाचे उत्तर दिले नाही. मग 25 लाख कशाचे? न पेरलेल्या शेतात पीक कसे येईल?

असा निरोप आला तर उत्तर देऊ नका. बँकेचा खाते नंबर सांगू नका. मोबाईलवर आलेला गुप्त आकडा कुणालाही सांगू नका. पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब 1930 या नंबरला फोन करा. हा सरकारचा मदतीचा नंबर आहे. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवता येण्याची आशा जास्त.

जिंकल्यानंतर

बिहारमधल्या मोतिहारीचे सुशील कुमार यांनी 2011 साली पाच कोटी रुपये जिंकले. ते रोजगार हमीच्या कामात संगणक चालवत. महिन्याला सुमारे 6,000 रुपये कमवत. सगळ्या देशाने त्यांचे कौतुक केले.

पण 2020 साली त्यांनी स्वतःच लिहिले की, जिंकल्यानंतरचा काळ आपल्या आयुष्यातला सर्वांत वाईट काळ होता. मदत मागणारे दारात येत. काहींनी त्यांना फसवले. धंदे चालले नाहीत. व्यसनेही जडली. पुढे ते त्यातून सावरले. गावोगाव चाफ्याची झाडे लावू लागले, आणि नंतर शिक्षक झाले.

यातून काय घ्यायचे? पैसा अचानक येतो, पण त्याची व्यवस्था अचानक जमत नाही. म्हणून आधी कर्ज फेडावे. बाकीचे पैसे बँकेत किंवा पोस्टात ठेवावेत. निदान सहा महिने नवा धंदा काढू नये, कुणाला जामीन राहू नये आणि उसने देऊ नये. "घरच्यांना विचारून सांगतो" एवढे म्हणायला शिकावे.

तयारी कशी करावी?

तुम्ही आता वाचू लागला आहात. तयारी तिथूनच सुरू झाली. रोज वर्तमानपत्राचे एक पान वाचा. मुलांची पाचवी ते दहावीची इतिहास-भूगोलाची पुस्तके घ्या. भिंतीवर देशाचा नकाशा लावा. नवे कळले की वहीत लिहा. रात्री जेवणानंतर घरातल्या घरात एकमेकांना प्रश्न विचारा.

लाखांतून थोड्यांनाच खुर्ची मिळते. तुम्हाला मिळेलच, असे कुणी सांगू शकत नाही. पण त्या वहीतली माहिती कुठे जात नाही. तीच मुलांच्या अभ्यासाला, ग्रामसभेत आणि बाजारात कामाला येते. आणि तिच्यावर कर लागत नाही!

सांगा पाहू

1. बबिताताई सात कोटींच्या प्रश्नाला का थांबल्या?
2. एकाने 12,50,000 जिंकले आणि पुढचे उत्तर चुकले. 2019 च्या नियमाने त्याला किती मिळतील?
3. 10,000 रुपयांच्या बक्षिसावर शेकडा 30 प्रमाणे कर किती? त्या करावर शेकडा 4 प्रमाणे उपकर किती? हातात किती उरतील?
4. "आधी कर भरा, मग बक्षीस देतो" असे म्हणणारा माणूस कोण?
5. मोबाईलवरून फसवणूक झाली तर कोणत्या नंबरला फोन कराल? तो नंबर आताच घराच्या भिंतीवर लिहून ठेवा.